बालवाडी-अंगणवाडीच्या ताईंचे आभार मानायचे आहेत? मग असे माना

तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांचे आभार मानायचे ठरले की पुण्यात बहुतेक ठिकाणी एकच बेत शिजतो: शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, प्रमुख पाहुण्यांचं भाषण आणि चहा. भावना खरी असते. पण कार्यक्रम संपवून ताई घरी निघतात तेव्हा आपल्या कामातलं नेमकं काय कुणाच्या लक्षात आलं, हे त्यांना कळलेलं नसतं. म्हणून पालकगट, संस्थाचालक, प्रशिक्षक आणि खुद्द ताईंचे अभ्यासगट या सगळ्यांसाठी ही पद्धत लिहिली आहे. तिचा पाया साधा आहे: जे पाहिलं ते नेमकं सांगायचं, आणि ते सांगण्यासाठी ताईंवरच नवीन काम टाकायचं नाही.

आधी यादी

आभारांतून माणसं सुटतात ती यादी न केल्यामुळे. आपल्या भागातल्या अंगणवाडी सेविका, महापालिकेच्या बालवाड्यांतल्या शिक्षिका, खासगी बालवाड्यांतल्या ताई आणि पाळणाघरं चालवणाऱ्या बायका बहुतेकांना आठवतात. मदतनीस, बालवाडीतल्या मावशी, बांधकामाच्या जागी मजुरांची मुलं सांभाळणाऱ्या कार्यकर्त्या, बीटच्या (अंगणवाड्यांच्या एका गटाच्या) पर्यवेक्षिका, आशाताई, लसीकरणाला येणाऱ्या परिचारिका आणि मुलं आणणारे रिक्षावाले काका मात्र राहून जातात. मदतनीस सुटली तर ती चूक सगळ्यांत जास्त बोचते. घरोघर जाऊन मुलं गोळा करणं, हात धुवून घेणं, खाऊ वाढणं, ओली चड्डी बदलणं ही कामं बहुतेक केंद्रांवर तीच करते, आणि मुलं तिलाच आधी बिलगतात.

प्रत्येकीचं नाव ती स्वतः जसं लिहिते तसं केंद्रावर जाऊन विचारून घ्या. ‘सौ.’, ‘श्रीमती’ लावू नका, नाव आणि पुढे ‘ताई’ पुरे आहे. पाकिटांवर आणि पत्रांवर ही उपपदं अंदाजाने लागतात आणि कुणाच्या तरी घरातल्या दुःखावर नेमका हात पडतो. बदल्या होत असतात, म्हणून कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी यादी पुन्हा तपासा.

दोन आठवडे नुसतं पाहा

हा भाग घाईने उरकला तर पुढचं सगळं पोकळ होतं. आभारपत्र लिहायच्या आधी प्रत्येक पालकाने दोन आठवडे, रोज एक ओळ, एवढंच टिपायचं. सोडताना आणि नेताना मिळणारी पाचदहा मिनिटं पुरतात. वर्गात बसायचं असेल तर आधी परवानगी घ्या आणि वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, कारण ओळखीचा मोठा माणूस खोलीत असला की मुलं वेगळी वागू लागतात आणि ताईंचा दिवस विस्कटतो.

काय पाहायचं हे माहीत नसेल तर नुसतं ‘ताई प्रेमळ आहेत’ एवढंच दिसतं. बालशिक्षणाचं काम बाहेरून खेळासारखं दिसतं आणि त्यामागचा विचार लपून राहतो. तो दिसावा म्हणून पुढच्या जागा नीट बघा.

जूनमध्ये नवीन मूल रडतं तेव्हा ताई काय करतात? जाणकार ताई आईला पहिल्या दिवशी बराच वेळ बसू देतात, मग रोज थोडा थोडा कमी. आईने न सांगता सटकायचं नाही, असं त्या बजावतात, कारण तसं झालं की मूल दुसऱ्या दिवशी दारातच पदर सोडत नाही. घरी कन्नड, तेलुगू किंवा हिंदी बोलणारं मूल आपल्या भाषेत उत्तर देतं तेव्हा ताई ते उत्तर आधी बरोबर म्हणून स्वीकारतात आणि मग सहज मराठी शब्द जोडून देतात, की ‘असं नाही म्हणायचं’ म्हणून थांबवतात? ठोकळे, बाहुलीघर, चित्रांची पुस्तकं मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर आहेत का? दोघांत एका चेंडूवरून भांडण झालं तर ताई लगेच निवाडा करतात, की दोघांना बोलू देतात? गोष्ट सांगताना मधेच थांबून ‘आता पुढे काय होईल?’ असं विचारतात का?

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लेखन. चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन वहीभर ‘अ’ गिरवून घ्यावा, असा आग्रह पुष्कळ पालक धरतात. चांगल्या ताई हा दबाव झेलतात. त्या मणी ओवायला देतात, कागद फाडायला लावतात, माती मळायला देतात, कारण बोटांचे आणि मनगटाचे स्नायू तयार झाल्याशिवाय लेखन लादलं तर पकड चुकीची बसते आणि मुलाला लिहिण्याचा कंटाळा येतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर दिला. पण धोरण कागदावर असतं. दारात उभ्या असलेल्या पालकाला ते शांतपणे समजावून सांगायचं काम ताई करतात. ज्या पालकांनी पूर्वी गृहपाठ मागितला होता, त्यांनी याच गोष्टीसाठी आभार मानले तर ते ताईंना सर्वांत जास्त पोचतात.

घरी दिसणारे बदलही टिपा: ओळीत लावलेल्या चपला, नवं बडबडगीत, खाण्याआधी आठवणीने धुतलेले हात, धाकट्या भावाला सांगितलेली गोष्ट.

पत्र

ऐंशी ते एकशेवीस शब्द, एका बाजूला, शक्यतो हाताने लिहिलेलं. त्यात चार गोष्टी याव्यात: काय पाहिलं, ते ताईंनी कसं केलं, त्यामुळे मुलात किंवा घरात काय बदललं, आणि त्यातून आपण काय शिकलो. चौथी बहुतेक जण विसरतात. पालकाने ताईंकडून काही शिकल्याचं मान्य केलं की ताईंना आपल्या ज्ञानाची कदर झाल्याचं जाणवतं.

नमुना असा:

‘ताई, जूनमध्ये ओवी रोज रडायची. तुम्ही मला पहिले चार दिवस वर्गात कोपऱ्यात बसू दिलंत आणि पाचव्या दिवशी तिला सांगूनच बाहेर जायला लावलंत. मला वाटलं होतं, न सांगता निघालेलं बरं. आठवडाभरात ती स्वतःच मला ‘आता जा’ म्हणू लागली. आता दवाखान्यात किंवा आजीकडे सोडतानाही मी तिला आधी सांगते आणि ती कमी घाबरते. मदतनीस ताई तिला रोज झाडाला पाणी घालायचं काम देतात, त्याची ती घरी येऊन बढाई मारते. तुम्हा दोघींचे मनापासून आभार.’

यात विशेषणं जवळजवळ नाहीत, आणि तरी काही कमी पडत नाही.

काही वाक्यं टाळाच. ‘तुम्ही आमच्या मुलांना छान सांभाळता’ यात शिक्षण हा भागच गळून जातो. ‘तुम्ही तर दुसरी आईच’ हे प्रेमाने म्हटलं जातं, पण आईपणाला प्रशिक्षण, सुट्टी आणि पगार नसतो, आणि ताईंच्या कामाला हे तिन्ही लागतात. ‘एवढ्याशा मानधनात किती सेवा करता’ हे तर अजिबात नको. कमी मानधन हा कौतुकाचा विषय होऊ शकत नाही. सेवाभाव, त्याग, निःस्वार्थ हे शब्द खोडून त्या जागी एकेक पाहिलेली गोष्ट लिहिली की पत्र आपोआप सुधारतं.

वस्तीतल्या किंवा बांधकामावरच्या अनेक पालकांना लिहिणं अवघड जातं. त्यांच्याकडून पत्र ‘भरून’ घेऊ नका. गटातल्या कुणीतरी शेजारी बसावं, ते बोलतील ते त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच शब्दांत उतरवावं आणि वाचून दाखवावं. नाहीतर चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप घ्यावा. व्हॉट्सअॅपच्या गटावर साठ जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकण्यापेक्षा असे सहा निरोप कितीतरी मोलाचे आहेत. मुलांचे फोटो मात्र त्यांच्या पालकांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकू नयेत.

कार्यालयात जाणारं पत्र वेगळं

ताईंना दिलेलं पत्र त्यांच्या मनासाठी असतं. दुसरं एक पत्र त्यांच्या फायलीसाठी हवं. ते कोऱ्या कागदावर किंवा संस्थेच्या लेटरहेडवर, तारखेसह लिहा. अंगणवाडीचं असेल तर ते बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे, महापालिकेच्या बालवाडीचं असेल तर संबंधित विभागाच्या नावे आणि खासगी संस्थेचं असेल तर व्यवस्थापनाच्या नावे जाईल. त्यात ताईंचं पूर्ण नाव, पद, केंद्राचा क्रमांक किंवा पत्ता, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतचं काम पाहिलं ते, आणि दोन किंवा तीन नेमकी निरीक्षणं असावीत. शेवटी पालकांच्या सह्या. दोन प्रती घ्या: एकीवर कार्यालयाची पोच घेऊन ती ताईंना द्या, दुसरी कार्यालयात राहील. खासगी बालवाडीत काम करणाऱ्या ताईंना दुसरीकडे अर्ज करताना असं पत्र अनुभवाच्या दाखल्याला जोड म्हणून उपयोगी पडतं.

या पत्रात मागण्या मिसळू नका. नळ, संडास, भाड्याची खोली यांबद्दल लिहायचंच असेल तर वेगळा अर्ज करा, नाहीतर कौतुकाची फाइल तक्रारीची होते आणि त्याचा त्रास ताईंना होतो.

ताईंनी ताईंचे आभार मानताना

बालशिक्षणातलं बहुतेक ज्ञान एकीकडून दुसरीकडे हातोहात जातं. एका बैठकीत कुणी गोष्टीसाठी बोटबाहुली करून दाखवते आणि महिन्याभरात ती दहा वर्गांत पोचते, पण ती कुणाकडून आली हे मधेच कुठेतरी गळून जातं. हे थांबवायला अभ्यासगटाने एक साधी वही ठेवावी. चार रकाने: कोणता उपक्रम घेतला, कुणाकडून शिकलो, आपल्या वर्गात काय बदल केला, काय झालं. ‘काय झालं’ या रकान्यात फसलेलंही लिहायचं: ‘मणी ओवायला दिले, दोरा मऊ असल्याने टोक भोकात जाईना, मुलं कंटाळली, टोकाला मेण लावल्यावर जमलं.’

ही वही दर बैठकीत पहिली दहा मिनिटं वाचायची. ज्यांच्याकडून उपक्रम आला त्या समोर बसलेल्या असतात आणि आपली कल्पना दुसऱ्या वस्तीत, दुसऱ्या मुलांबरोबर कशी वागली हे ऐकतात. व्यावसायिक माणसाला याहून चांगले आभार मिळत नाहीत. साहित्याच्या डब्यावरही चिठ्ठी लावा: नाव आणि केंद्र. प्रशिक्षकांनाही कार्यशाळेच्या शेवटी ‘फार छान’ म्हणण्यापेक्षा दोन आठवड्यांनी तीन ओळी पाठवा: काय करून पाहिलं, मुलांनी काय केलं, कुठे अडलो. पुढची कार्यशाळा त्याने सुधारते.

ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉण्टेसोरींची पद्धत त्यांनी इथल्या मुलांना, इथल्या वस्तूंना जुळवून घेतली, आणि मूळ कुणाचं हे लपवलं नाही. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला आदिवासी आणि गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार तिथेच रुजला. आजच्या वर्गातल्या कितीतरी गोष्टी त्यांच्याकडून आलेल्या आहेत, हे अभ्यासगटात अधूनमधून बोललं गेलं पाहिजे.

एकत्र जमायचं असेल तर

तारीख. ५ सप्टेंबर सोयीचा वाटतो, पण अंगणवाडीसाठी सप्टेंबर हा पोषण महिना असतो, नोंदी आणि कार्यक्रमांची गर्दी असते, आणि गणपती त्याच सुमारास असले तर शहराच्या मध्यभागी बस मिळणं मुश्कील. आषाढी वारीच्या पालख्या शहरात असतात ते दिवसही सोडा. ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, हा चांगला दिवस. दुसरा १७ मार्च. अनुताई वाघ यांचा जन्म १९१० साली याच दिवशी पुणे जिल्ह्यातल्या मोरगावी झाला. शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं, त्यामुळे सांगण्यासारखंही भरपूर असतं. पोषण पंधरवडा त्याच दिवसांत येत नाही ना, एवढं पर्यवेक्षिकांना विचारून घ्या.

रविवार धरू नका. तो त्यांच्या घराचा दिवस आहे. सेविकांची महिन्याची बैठक असतेच. परवानगी घेऊन तिलाच जोडून दीड तास मागा. खासगी बालवाडीने अर्धा दिवस भरपगारी मोकळा द्यावा.

जागा. एका भागापुरतं असेल तर महापालिकेच्या शाळेचा हॉल बरा. शहरभरातून लोक येणार असतील तर स्वारगेटच्या जवळपास किंवा नवी पेठेत बघा. हडपसर, वारजे, कात्रज, येरवडा सगळीकडून बस मिळते आणि स्वारगेटला आता मेट्रोही आहे. अंधार पडायच्या आत सगळ्या घरी पोचतील अशी वेळ ठेवा. येण्याजाण्याचं भाडं पाकिटात घालून आल्याआल्याच द्या, मागायला लावू नका. बसायला खुर्च्याच हव्यात. दिवसभर लहान मुलांबरोबर उठबस केलेल्या गुडघ्यांना सतरंजी नको.

चाळीस जणींना एकेक करून मंचावर बोलावून शाल घालायची तर प्रत्येकी दीड मिनिट धरलं तरी एक तास जातो, आणि त्या तासात कुणीच कुणाशी बोलत नाही. त्याऐवजी आठ जणींचे पाच गट करा. प्रत्येक गटात दोन पालक बसतील. पहिली दहा मिनिटं स्वागत आणि पाणी. मग चाळीस मिनिटं गटात पत्रवाचन: पालक पत्र मोठ्याने वाचतो, ताईंच्या हातात देतो, आणि ताईंना हवं असेल तर त्या कामाबद्दल दोन शब्द बोलतात. प्रत्येकीला पाच मिनिटं मिळतात. पंधरा मिनिटं सगळ्यांसमोर, पण बोलायचं फक्त तिघांनी, प्रत्येकी तीन मिनिटं. त्यातलं एक भाषण मदतनीस ताईंच्या कामावरच. उरलेला वेळ खाणं आणि गप्पा. प्रमुख पाहुणे बोलवायचेच असतील तर त्यांना गटात बसवा, मंच मांडू नका.

मुलांचा नाच किंवा गाणं ठेवू नका. तीन-चार वर्षांच्या मुलांकडून नाच बसवायचा तर तालमी घेणार कोण? ताईच. पताका, रांगोळी, हजेरीचा फॉर्म, फोटो काढणं, यातलं काहीही त्यांच्याकडे जाता कामा नये. फोनवर रोजच्या नोंदी भरून त्या आधीच दमलेल्या असतात, त्यांना आणखी एक ऑनलाइन फॉर्म पाठवू नका.

हळदीकुंकू आणि ओटीही टाळा. बालवाडीत काम करणाऱ्या बायकांत विधवा असतात, एकट्या राहणाऱ्या असतात, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध असतात. आभाराच्या कार्यक्रमात एकीलाही बाजूला उभं राहावं लागलं तर बाकी सगळं वाया जातं. सर्वांना चालेल असं एक रोपटं किंवा पुस्तक पुरे.

खाण्याला पन्नास जण धरा: ताई चाळीस, पालक दहा. जाडे पोहे साडेतीन किलो पुरतात, माणशी सत्तर ग्रॅमच्या हिशोबाने. चहा माणशी शंभर मिली धरला तर पाच लिटर, त्यात अडीच लिटर दूध. त्या दिवशी संकष्टी, एकादशी किंवा रोजा आहे का ते पाहा आणि त्याप्रमाणे वेगळी सोय ठेवा.

भेट काय द्यावी

वर्गणी ऐच्छिक ठेवा, वरची मर्यादा ठरवा (पन्नास रुपये पुष्कळ झाले) आणि कुणी किती दिले ते जाहीर करू नका. सेविका आणि मदतनीस यांना एकसारखीच भेट. सरकारी केंद्रावर काम करणाऱ्यांना रोख रक्कम देऊ नका. केंद्राला वस्तू द्या आणि ती डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवून घ्या. नोंद नसलेली वस्तू बदली किंवा तपासणीच्या वेळी ताईंनाच अडचणीत आणते.

सर्वांत चांगली भेट म्हणजे पालकांनी स्वतः बनवलेलं साहित्य. पण आधी ताईंना विचारा, त्यांच्याकडे काय कमी आहे. वाळूकागदाची अक्षरं बनवायची असतील तर बारीक दाण्याचा कागद घ्या, खरखरीत कागदाने बोटं सोलतात. जाड पुठ्ठ्यावर पंधरा बाय वीस सेंटिमीटरचं एक कार्ड, त्यावर एकच अक्षर, रेघेची रुंदी साधारण मुलाच्या बोटाएवढी. वाळूकागद पाठीमागून कापताना अक्षर उलटं काढावं लागतं. हे विसरलं की सगळा गठ्ठा उलट्या अक्षरांचा होतो. पुठ्ठा, गोंद, कागद अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळतं.

खेळायची माती घरी होते: दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल आणि लागेल तसं पाणी, पाऊण वाटीपासून सुरुवात करून. रंगासाठी हळद किंवा बिटाचा रस. चिकट झाली तर कणीक वाढवा, भेगा पडल्या तर तेलाचा हात लावा. घट्ट झाकणाच्या डब्यात आणि फ्रीजमध्ये ठेवली तर काही दिवस टिकते. पावसाळ्यात बाहेर ठेवली तर लवकर बुरशी धरते, म्हणून ही भेट जानेवारी किंवा मार्चला बरी. मीठ खूप असल्याने मुलांनी ती खाऊ नये, हे डब्यावर लिहा. मणी, बिया, बटणं देताना ती साडेचार सेंटिमीटरपेक्षा मोठी असावीत. अंगणवाडीत दीड-दोन वर्षांची धाकटी भावंडंही येऊन बसतात आणि हातात आलेलं तोंडात घालतात.

ज्यांना येता आलं नाही त्यांची पत्रं आणि भेट आठ दिवसांच्या आत केंद्रावर जाऊन द्या, दुसरीच्या हाती पाठवू नका. मुलं घरी गेल्यावर, नोंदी संपायच्या सुमाराला जा, आधी फोन करून. पत्र तिथेच मोठ्याने वाचून दाखवा, मदतनीस ताईंना हाक मारून, आणि मग यादीत त्यांच्या नावापुढे खूण करा.